गवताच्या उंचीवरून कांगारू मोजताना : प्रकल्प नोंदी, 2019–20

11 एप्रिल 2019, कॅनबेरा

प्रकल्पाला मंजुरी आली. काम थोडक्यात असं: शहराच्या उत्तर कडेला जे गवताळ राखीव माळ आहेत, त्यांत गवताची उंची, गवताची दाटी, कांगारूंची संख्या आणि गवतात राहणारे सरडे या चार गोष्टी ठरावीक जागांवर, ऋतूप्रमाणे, एकत्र मोजायच्या. कार्यालयासाठी अहवाल वेगळा होईलच. या विषयावर मराठीत वाचायला फारसं मिळत नाही, म्हणून या नोंदी मराठीत.

पार्श्वभूमी एकदाच लिहून ठेवते. कॅनबेरा टेकड्यांच्या कडेकडेने वसलेलं शहर. मधल्या टेकड्या आणि माळ बांधकामाविना राखले आहेत, त्या सगळ्या तुकड्यांना मिळून कॅनबेरा नेचर पार्क म्हणतात. या माळांवर पूर्वेकडचा करडा कांगारू राहतो. तो इथलाच, कुठून आणून सोडलेला नाही. पण ज्या परिस्थितीत तो हजारो वर्षं इथे होता, ती परिस्थिती राहिली नाही. डिंगो, म्हणजे इथले रानकुत्रे, हाकलले गेले, नुन्नवाल लोकांची शिकार आणि त्यांनी लावलेले छोटे वणवे बंद झाले, मेंढपाळांनी जागोजागी पाण्याची तळी खणली, आणि आता चारी बाजूंनी घरं आणि रस्ते. माळ तेवढाच, तोंडं वाढत जाणारी.

दुसरी बाजू गवताची. दक्षिण-पूर्व ऑस्ट्रेलियातले मूळचे गवताळ माळ नांगराखाली आणि शहरांखाली गेले, फार थोडे उरले. त्या उरलेल्यातले काही चांगले तुकडे कॅनबेरात आहेत. पट्टेरी बिनपायांचा सरडा, कॅनबेराचा बिनकानी सरडा, सोनेरी सन-मॉथ पतंग हे सगळे याच गवतावर जगतात आणि धोक्यात आहेत. यातला एकही प्राणी लोकांच्या नजरेस पडत नाही. कांगारू रोज पडतो. या प्रश्नातली निम्मी अडचण इथेच आहे असं माझं मत.

16 एप्रिल 2019

मोजणीची पद्धत पक्की केली. कांगारू तीन प्रकारे मोजता येतात. माणसांची रांग लावून माळ एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे विंचरत जायचं आणि रांगेतून मागे सुटणारा प्रत्येक प्राणी मोजायचा. किंवा ठरलेल्या रेषेवरून चालत जाऊन दिसलेल्या प्रत्येक कळपाचं अंतर नोंदवायचं आणि त्यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधायचा. किंवा लेंड्या मोजायच्या.

मला लेंड्यांची पद्धत सर्वांत भरवशाची वाटते. ठरावीक मापाचे गोल आखायचे, त्यांतल्या जुन्या लेंड्या साफ करायच्या, काही आठवड्यांनी परत येऊन नव्या मोजायच्या. करडा कांगारू दिवसाला सुमारे पाचशे लेंड्या टाकतो. त्यामुळे गणित जमतं. शिवाय हे गणित एका सकाळी कुठे कळप दिसला यावर अवलंबून नसतं. रात्री कोण येऊन चरून गेलं, तेही त्यात येतं.

गवतासाठी एक मीटरची चौकट, पट्टी आणि कापून वाळवलेल्या गवताचं वजन. प्रत्येक माळावर काही जागी जाळीचे पिंजरेही ठोकले आहेत, म्हणजे आत कांगारूचं तोंड पोचणार नाही. पिंजऱ्यातलं आणि बाहेरचं गवत शेजारीशेजारी मोजलं की दुष्काळाचा परिणाम किती आणि चरण्याचा किती, हे वेगळं करता येतं. लोकांशी बोलताना या पिंजऱ्यांइतकं दुसरं काही उपयोगी पडत नाही.

सरड्यांसाठी कौलं. घरावरची साधी कौलं माळावर ओळीने पालथी टाकून ठेवायची. बिनपायांचा सरडा ऊब आणि आडोसा शोधत त्यांच्याखाली येऊन बसतो. वसंतात, म्हणजे इथल्या सप्टेंबर-नोव्हेंबरात, सकाळी एकेक कौल उचलून बघायचं.

2 मे 2019

पाऊस नाही. मागच्या वर्षीही नव्हता. माळावर बाहेरचं गवत बोटभरही उरलेलं नाही, मुळाशी खरडलेलं आहे. पिंजऱ्यात मात्र घोट्याच्या वर आहे, वाळलेलं असलं तरी उभं आहे. यात थेमेडा गवताचे झुबके आहेत. इथे त्याला कांगारू ग्रासच म्हणतात, आणि आपल्या सह्याद्रीच्या सड्यांवर आणि माळांवरही ते उगवतं.

कांगारू आता माळावर थांबत नाहीत. संध्याकाळी शाळांच्या मैदानांवर, रस्त्याकडेच्या पाणी दिलेल्या हिरवळीवर येतात. अपघात वाढले. ऑस्ट्रेलियात गाडीवर प्राणी आदळण्याच्या विम्याच्या दाव्यांत बहुसंख्य दावे कांगारूचेच असतात, आणि हिवाळ्याच्या तोंडाला, दिवस लहान झाले की, कामावरून घरी जायची वेळ आणि कांगारू चरायला निघायची वेळ एकच होते. एकट्या कॅनबेरात वनरक्षकांना वर्षाला हजारो वेळा असं धावावं लागतं. मेलेली मादी रस्त्यात दिसली तर पिशवी तपासावी, पिल्लू आचळाला घट्ट असेल तर ओढून काढू नये, प्राणी-बचाव संस्थेला फोन करावा. इथे राहणाऱ्या मराठी मंडळींना मी हे दर वेळी सांगते. नवीन आलेल्यांना माहीत नसतं.

रात्री बाबांचा वाशीमहून फोन. यंदा हरभऱ्यात रोह्यांनी (नीलगायींनी) मांडलेला उच्छाद सांगत होते. जागलीला जाऊनही काही उपयोग झाला नाही, पंचनामा झाला, पैसे अजून नाहीत. माझं काम ऐकून म्हणाले, "मंग तुमच्याइथंबी हेच हाय म्हना की." बरंचसं हेच आहे, बाबा. फरक एवढाच की तिथे नुकसान शेतकऱ्याचं होतं आणि तो बोलू शकतो. कॅनबेराच्या माळावर नुकसान सरड्याचं होतं, आणि त्याचा पंचनामा करायला कोणी येत नाही.

20 मे 2019

राखीव माळांच्या फाटकांवर पाट्या लागल्या: रात्रीचा प्रवेश बंद. यंदाची कांगारू मारण्याची मोहीम सुरू होते आहे. माझ्या प्रकल्पाचा त्या कामाशी थेट संबंध नाही, पण मी मोजलेलं गवत पुढच्या वर्षीच्या आकड्यात धरलं जाणार आहे, तेव्हा मला काय वाटतं ते लिहायलाच हवं.

कॅनबेरातल्या राखीव माळांवर ही मोहीम 2009 पासून चालते. त्याआधी 2008 मध्ये बेलकॉनेनच्या नौदलाच्या जुन्या ट्रान्समिशन स्टेशनच्या कुंपणबंद जागेत शेकडो कांगारू मारावे लागले होते, आणि त्यावरून देशभर गदारोळ झाला. कुंपणाच्या आत त्यांची संख्या वाढतच गेली होती आणि आतलं दुर्मिळ गवत संपत आलं होतं. 2010 मध्ये कॅनबेराच्या सरकारने कांगारू व्यवस्थापनाचा आराखडा काढला, 2017 मध्ये करड्या कांगारूसाठी नवा. सूत्र साधारण असं: गवताळ माळावर हेक्टरी एकाच्या आसपास कांगारू असावेत, जागेप्रमाणे थोडे कमी-जास्त. गूगाँग धरणाच्या परिसरात एके काळी हेक्टरी चार-पाचपर्यंत कांगारू मोजले गेले होते. त्यावरून हा फरक किती मोठा आहे ते कळावं.

वेळ मार्च ते जुलै एवढीच. करड्या कांगारूची बहुतेक पिल्लं उन्हाळ्यात जन्मतात, म्हणजे इथल्या डिसेंबर-फेब्रुवारीत. हिवाळ्यापर्यंत ती पिशवीत अगदी लहान असतात आणि मागच्या वर्षीचं पिल्लू बरंचसं आपल्या पायावर उभं राहिलेलं असतं. वसंतात मोहीम केली तर आईवाचून उपाशी मरणारी पिल्लं मागे राहतील. परवानाधारक, परीक्षा दिलेले नेमबाज, रात्री, डोक्यात एकच गोळी, मग पिशवी तपासायची आणि आत पिल्लू असेल तर त्यालाही लगेच मारायचं. कांगारू मारण्याच्या सरकारी संहितेत हे सगळं लिहिलेलं आहे. वाचताना पोटात कालवतं. मी ते तीनदा वाचलं, कारण ज्या गोष्टीच्या बाजूने आपण बोलतो ती नेमकी काय आहे हे माहीत असायला हवं.

विरोध करणारे दरवर्षी येतात. रात्री माळावर शिट्ट्या वाजवत फिरतात, 2013 मध्ये प्रकरण न्यायाधिकरणापर्यंतही गेलं होतं. त्यांतल्या काहींशी मी बोलले आहे. ती प्राण्यांवर जीव लावणारी माणसं आहेत, जखमी पिल्लं स्वतःच्या घरात महिनोन्‌महिने बाटलीने दूध पाजून वाढवणारी. त्यांचा एक प्रश्न मला रास्त वाटतो: माळाभोवती घरं आपण बांधली, मग किंमत कांगारूने का द्यायची? याचं उत्तर माझ्याकडे एवढंच आहे की घरं आता पाडली जाणार नाहीत, आणि आपण हात बांधून बसलो तरी किंमत कांगारूच देतो. फक्त तेव्हा ती दुष्काळात, आठवडेच्या आठवडे उपासमारीने देतो. आणि त्याच्या आधी सरड्याने दिलेली असते.

म्हणून मी मोहिमेच्या बाजूने आहे. पण एका अटीवर: आकडा गवतावरून ठरावा. मागच्या वर्षी किती मारले, लोक किती रागावले, यावरून नव्हे.

27 जून 2019

कडक दहिवर. लेंड्यांचे गोल मोजले. हात सुन्न.

8 ऑगस्ट 2019

गर्भनिरोधक लशीबद्दल पुन्हा विचारणा झाली, म्हणून लिहून ठेवते. गोनाकॉन नावाची लस अमेरिकेत वन्यप्राण्यांसाठी तयार झाली. प्रजननाच्या साखळीतल्या पहिल्याच संप्रेरकाविरुद्ध शरीराला ती प्रतिपिंडं बनवायला लावते. कॅनबेरात करड्या कांगारूंच्या माद्यांवर तिचे प्रयोग झाले आहेत, आधी हाताने टोचून, मग दुरून डार्टने. एका टोचणीचा परिणाम काही वर्षं टिकतो.

विरोधकांना वाटतं तसा हा गोळीला सरसकट पर्याय नाही. प्रत्येक मादी शोधून, तिच्या जवळ जाऊन, एकेकटीला टोचावं लागतं. आधीच हेक्टरी तीन कांगारू असतील तर लस देऊन आजचं गवत वाचत नाही, कारण लस दिलेली मादी पुढची कित्येक वर्षं चरतच राहते. पण चारी बाजूंनी रस्ते असलेला छोटा माळ, कळप मोजका, संख्या एकदा योग्य पातळीवर आणलेली, अशा जागी ती संख्या तिथेच धरून ठेवायला लस फार कामाची ठरेल. तिच्यामुळे दरवर्षीची गोळी कमी होत असेल तर पैसा खर्च व्हायलाच हवा. असं मी बैठकीत बोलले.

10 सप्टेंबर 2019, ब्रोकन हिल

पश्चिमेला आलो आहोत, हजारेक किलोमीटर. शहरातला कांगारू आणि इथला कांगारू हे दोन वेगळे प्रश्न आहेत, हे इथे आल्याशिवाय लक्षात येत नाही. हा बारकिंजी लोकांचा प्रदेश. 2015 मध्ये न्यायालयाने त्यांचा या जमिनीवरचा मूळ हक्क मान्य केला. डार्लिंग नदी, त्यांची बाका, जागोजागी कोरडी आहे.

इथे तांबडा कांगारू. त्याची मादी निसर्गाने दुष्काळासाठीच घडवली असावी. एक पिल्लू पायाशी, एक पिशवीत, आणि पोटात गर्भ थांबवून ठेवलेला, अशा तीन पायऱ्यांवर ती एकाच वेळी असू शकते. चारा संपला की दूध आटतं, पिशवीतलं पिल्लू जातं, पाऊस आला की थांबलेला गर्भ पुढे वाढायला लागतो. 1982-83 च्या दुष्काळात पूर्व ऑस्ट्रेलियाच्या कुरणांमधले सुमारे 40 टक्के कांगारू मेले, आणि काही वर्षांत परत वाढले. संख्या वरखाली होणं हा इथला नियम आहे. इथे कोणी "योग्य संख्या किती" असं विचारलं तर मी आधी विचारीन, कोणत्या वर्षी?

मोजणी विमानातून. न्यू साउथ वेल्सच्या सपाट पश्चिमेत छोटं विमान सुमारे अडीचशे फुटांवरून, ताशी 185 किलोमीटरने, सरळ रेषेत उडतं, सूर्योदयानंतर किंवा सूर्यास्ताआधी, कारण भर दुपारी कांगारू झाडाखाली पडून असतात. दोन्ही बाजूंचे निरीक्षक खालच्या पट्ट्यातले प्राणी मोजतात. झाडाआड राहिलेल्यांसाठी दुरुस्ती करावी लागते. ग्रॅम कॉगली या प्राणिशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकापासून ही पद्धत शास्त्रीय केली. त्याआधी "खूप आहेत" आणि "संपत चालले" हे दोन्ही दावे एकाच वर्षी, एकाच जिल्ह्यातून, तितक्याच खात्रीने व्हायचे. मोजणीने निदान भांडणाला जमीन मिळाली. या राज्यातल्या कांगारूंचा अंदाज 2016 मध्ये 1 कोटी 74 लाखांपर्यंत गेला होता, आणि आता दुष्काळात तो वेगाने खाली येतो आहे.

11 सप्टेंबर 2019, ब्रोकन हिल

एका नेमबाजाशी बराच वेळ बोलणं झालं. तीस वर्षं हा धंदा करतो. रात्री गाडीवर दिवा लावून फिरायचं, मारलेला प्राणी जागेवर साफ करून गाडीच्या मागच्या चौकटीला टांगायचा, प्रत्येकाला टॅग, पहाट व्हायच्या आत चिलरमध्ये, म्हणजे शीतपेटीत, पोचवायचा. डोक्याशिवाय दुसरीकडे गोळी लागलेला प्राणी घेतच नाहीत. माद्यांना हल्ली गिऱ्हाईक नाही, बहुतेक नरच जातात.

शेवटची गोष्ट मला महत्त्वाची वाटली. इथला व्यापारासाठी मारण्याचा कोटा तांबड्यासाठी संख्येच्या 17 टक्के, बाकीच्यांसाठी 15 टक्के, आणि प्रत्यक्षात मारले जातात ते कोट्याच्या कितीतरी खाली. त्यातही नर. म्हणजे मांस-कातड्याचा धंदा हा संख्या आटोक्यात ठेवण्याचा उपाय आहे असं जे दोन्ही बाजूंनी बोललं जातं, एकाने कौतुकाने आणि दुसऱ्याने संतापाने, ते आकड्यांत बसत नाही. नर कमी झाले म्हणून माद्यांची पिल्लं कमी होत नाहीत. धंद्याने कांगारू संपत नाहीत, आणि धंद्याने कुरणही वाचत नाही.

धंद्याला धरून राहण्याचं एकच कारण मला पटतं. ज्या प्राण्याची किंमत शेतकऱ्याला शून्य असते, त्याला तो कीड समजतो. आणि कीड मारताना संहिता कोणी वाचत नाही. ऑगस्ट 2018 मध्ये राज्य सरकारने दुष्काळामुळे शेतकऱ्यांना कांगारू मारण्याचे बिनव्यापारी परवाने सोपे करून दिले, मेलेल्या प्राण्याला टॅग लावण्याची अटही काढली. दुष्काळात होरपळलेल्या माणसाला दिलासा हवा, हे मान्यच. पण व्यापारी नेमबाजाला द्यावी लागते ती निशाण्याची परीक्षा शेतकऱ्याला द्यावी लागत नाही, आणि मेलेला प्राणी रानातच पडून राहतो. तो कसा मेला हे कोण तपासणार? रक्षण मागायचंच असेल तर पहिलं इथे मागायला हवं.

12 सप्टेंबर 2019, फाउलर्स गॅप

ब्रोकन हिलच्या उत्तरेला सुमारे 110 किलोमीटरवर न्यू साउथ वेल्स विद्यापीठाचं संशोधन केंद्र. इथे मेंढ्या आणि तांबडे कांगारू एकाच कुरणात ठेवून त्यांनी खर्च केलेली ऊर्जा आणि खाल्लेला चारा मोजला गेला. शेती खात्यांच्या हिशोबात पूर्वी एक कांगारू म्हणजे 0.7 मेंढी धरत. इथल्या मोजमापांतून आकडा 0.35 च्या आसपास निघाला. म्हणजे निम्मा. ज्या शेतकऱ्याने आपल्या चाऱ्याचा तोटा जुन्या आकड्याने काढला, त्याने कांगारूच्या नावावर दुप्पट खर्च मांडला. त्या खर्चातला काही रानबकऱ्यांचा होता, काही त्याच्याच मेंढ्यांचा. इथे चरणाऱ्या सगळ्या तोंडांचा एकत्र हिशोब धरायला शिकवतात, मेंढी, बकरी, कांगारू, ससा सगळे मिळून. हे मला फार पटतं. बकऱ्या विकून पैसा मिळतो, म्हणून त्यांच्यावर कोणी चिडत नाही.

मग कांगारू निर्दोष? नाही. सरासरी 0.35 असली तरी कळप जिथे जमतो तिथे जमीन उघडी पडते. मुद्दाम रिकामं ठेवलेलं कुरण, मेंढ्या काढून घेतलेलं, पहिल्या पावसानंतर कोवळं उगवलं की आसपासचे सगळे कांगारू तिथे. शेतकऱ्याने विश्रांती दिलेल्या जमिनीला विश्रांती मिळतच नाही. त्याची चीड मी समजू शकते.

परतताना नवं कुंपण पाहिलं. उंच, जाळीचं, खाली जमिनीवर पसरलेलं, की खालून उकरताही येऊ नये. डिंगो, बकऱ्या आणि कांगारू तिघांनाही अडवणारं. क्वीन्सलँडमध्ये आणि आता इथेही अशी कुंपणं झपाट्याने होत आहेत. जुनं डिंगो-कुंपण सुमारे 5,600 किलोमीटरचं, देश चिरत जाणारं. त्याच्या डिंगो नसलेल्या बाजूला कांगारू कितीतरी पट जास्त, हे चार दशकांपूर्वीच हवाई मोजणीत दिसलं होतं. म्हणजे ही गर्दी होण्यात मेंढपाळांसाठी उभारलेल्या कुंपणाचाच वाटा आहे, आणि आता त्या गर्दीपासून वाचायला आणखी कुंपण.

नव्या कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला तांबडे कांगारू मरून पडले होते. पाण्याची त्यांची नेहमीची वाट त्या जाळीपलीकडे होती. काही अजून जिवंत होते, आमची गाडी जवळ आली तरी उठत नव्हते. मी फोटो काढले, जागेचे अक्षांश-रेखांश घेतले, आणि परवानगी असलेल्या माणसाला तिथूनच फोन केला. कुंपणाला माझा विरोध नाही. पण कुंपण बंद करण्याआधी बाहेर पाण्याची सोय काय, आत अडकलेल्यांचं काय, हे लिहून दिल्याशिवाय त्याला सरकारी पैसा मिळता कामा नये. अहवालात हे मी या जागेच्या फोटोंसकट देणार आहे.

30 ऑक्टोबर 2019, कॅनबेरा

कौलांची पहिली पूर्ण फेरी. जिथे गवत मुळाशी खरडलेलं, तिथे कौलांखाली मुंग्या, एखादी गोम. जिथे झुबके उभे राहिले, तिथे बिनपायांचे सरडे. त्यातला एक हातात घेतला. साप समजून लोक मारतात बिचाऱ्याला. बाहेरून कानाचं छिद्र दिसतं आणि जीभ दुभंगलेली नसते, एवढं बघितलं तरी ओळख पटते.

याच परिसरात ऑस्ट्रेलियन राष्ट्रीय विद्यापीठाच्या संशोधकांनी 2014 मध्ये हेच दाखवलं होतं: कांगारूंची चराई वाढली की जमिनीवरच्या सरपटणाऱ्या प्राण्यांची संख्या आणि विविधता घटते. आपल्या हाताने कौल उचलून ते बघितलं की आलेखावर वेगळा विश्वास बसतो.

3 डिसेंबर 2019

सन-मॉथचा मोसम. प्रौढ पतंगाला तोंडच नसतं, चार दिवसांचं आयुष्य, तेही न खाता. नर कडक उन्हात, भर दुपारी गवतावरून अगदी कमी उंचीने उडतात. आज ऊन होतं, पण वणव्यांच्या धुरातून गाळून आलेलं. पतंग मोजण्याजोगा दिवस नव्हता. मोजणी रद्द.

6 जानेवारी 2020

धूर. 1 जानेवारीला कॅनबेराची हवा जगातल्या सर्वांत वाईट हवांमध्ये होती. 2019 हे देशाच्या नोंदींतलं सर्वांत कोरडं आणि सर्वांत उष्ण वर्ष ठरलं. क्षेत्रकाम बंद.

2 फेब्रुवारी 2020

20 जानेवारीला गारपीट. सीएसआयआरओ या राष्ट्रीय विज्ञान संस्थेची काचघरं फुटली, आमच्या गाडीची मागची काचही. 27 ला ऑरोरल खोऱ्यात आग लागली, आणीबाणी जाहीर झाली, नामाजी राष्ट्रीय उद्यान जळतं आहे. आमचे माळ शहराच्या दुसऱ्या टोकाला, सुरक्षित. पण तिथे कांगारू एवढे अशक्त झाले आहेत की दुपारी कुंपणाच्या सावलीत बसलेले उठत नाहीत. हाडांवर कातडं. मे महिन्यात मोहिमेला विरोध करणारी एक बाई आज आमच्याबरोबर पाण्याचे टब भरत होती. गवताबद्दल आमच्यात अजून एकमत नाही. टब मात्र दोघींनी मिळून उचलले.

9 मार्च 2020

पाऊस झाला. पिंजऱ्याबाहेरही हिरवं. आधी तण आलं, मूळचं गवत मागाहून, आणि जिथे झुबके पूर्ण मेले होते तिथे मूळचं गवत येतच नाहीये. खरडलेल्या जमिनीवर बाहेरचं तण लवकर बसतं. दुष्काळातल्या उपाशी तोंडांचा हिशोब जमिनीवर असा मांडला जातो.

14 मे 2020

कोविडच्या साथीमुळे दोघांपेक्षा जास्त माणसं एका गाडीत नाहीत, रांगेची मोजणी झाली नाही. लेंडी मोजणी झाली, आणि तिने या वर्षी सगळा भार उचलला. बहुतेक माळांवर संख्या घटली आहे, काही ठिकाणी ठळकपणे.

आज बैठकीत मी दोन माळांची नावं दिली, जिथे यंदा एकही कांगारू मारू नये. गवत सावरतं आहे, कळप लहान आहे. एका माळाचं नाव दिलं जिथे मारावेत, कारण तिथे बिनकानी सरड्याचं घर आहे आणि शेजारच्या कुरणातून कळप आत येतच राहतो. या सरड्याला 2019 मध्येच स्वतंत्र जात म्हणून मान्यता मिळाली, आणि तो कॅनबेराच्या परिसराबाहेर कुठेच नाही. दोन्ही मुद्दे एकाच तक्त्यातून आले. कोणाला पहिला आवडला, कोणाला दुसरा. तक्ता तोच.

18 नोव्हेंबर 2020

सप्टेंबरअखेर ला नीना जाहीर झाली आणि पाऊस थांबायला तयार नाही. गेल्या वर्षी बोटभर गवत होतं, आज गुडघ्याच्या वर. वाकून जमीन बघावी तर जमीन दिसत नाही. आता सरड्याला दुसरी अडचण: ऊन जमिनीपर्यंत पोचत नाही, झुबक्यांमधल्या वाटा बुजल्या, सन-मॉथची मादी उडत्या नराला दिसेल अशी उघडी जागा नाही. दाट गवताच्या माळावर कौलांखाली गेल्या वसंतापेक्षा कमी सरडे निघाले. कांगारू कमी असणं इथे तोट्याचं ठरतं आहे, आणि हे मला सर्वांना ठणकावून सांगायचं आहे, विशेषतः ज्यांना दरवर्षी मारण्याचा आकडा गेल्या वर्षीएवढाच हवा असतो त्यांना.

पुढच्या हंगामासाठी ठरवलेलं काम:

उत्तरेच्या दोन माळांवर शरदात, म्हणजे इथल्या मार्च-मेमध्ये, छोटे तुकडे जाळायचे, सलग नाही, ठिगळांसारखे. जळलेल्या जागी कोवळं फुटलं की कांगारू आपोआप तिकडे ओढले जातात, तेव्हा चराई कुठे व्हावी हे काही प्रमाणात आपल्या हातात येतं. जळलेल्या प्रत्येक तुकड्यात एक पिंजरा आणि कौलांची एक ओळ हवी, नाहीतर काय झालं हे कळणार नाही. अग्निशमन खात्याशी बोलणं झालं आहे, परवान्यासाठी नुन्नवाल ज्येष्ठांबरोबर माळावर एक फेरी व्हायची आहे, त्यांनी सुचवलेली जागा आधी जाळायची.

तिसऱ्या माळावर आग नको, तिथे घरं खेटून आहेत. तिथे गवत कापायचं, पण सन-मॉथचा मोसम संपल्यावर, म्हणजे जानेवारीच्या मध्यानंतरच.

2021 च्या मोहिमेसाठी आमच्या माळांचा आकडा मार्चच्या लेंडी मोजणीआधी द्यायचा नाही. कोणी मागितला तरी.